पर्फमधील क्रॅश-दुरुस्ती (लिनक्स कर्नल, २०१३)

लिनक्स कर्नलच्या ‘पर्फ’ या प्रोफायलिंग यंत्रणेत एप्रिल २०१३मध्ये झालेली एका ओळीची दुरुस्ती. प्रोग्रॅमचा वेळ कुठे खर्च होतो हे मोजणारी ही यंत्रणा कर्नलच्या आत चालते, पण सिस्टिम कॉलमधून सामान्य वापरकर्त्यालाही वापरता येते. वाटेल ते आकडे देऊन कर्नलची परीक्षा घेणाऱ्या ‘ट्रिनिटी’ या फझरने हा बग उघडकीस आणला. क्रॅश होत होता मोजणी बंद करणाऱ्या फंक्शनमध्ये. चूक होती मोजणी सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये. कोणती घटना मोजायची, याचा क्रमांक ६४ बिटांत येतो. सुरुवातीचे फंक्शन तो ३२ बिटांच्या, उणे किंमतही घेणाऱ्या पूर्णांकात कोंबत असे आणि फक्त वरची मर्यादा तपासत असे. ४,२९,४९,६७,२९५ हा आकडा दिला की त्याचा उणे १ होई, तपासणीतून सुटे आणि ॲरेच्या अलीकडच्या भलत्याच जागेतली किंमत एकाने वाढे. शेवटचे फंक्शन तोच क्रमांक पूर्ण ६४ बिटांत वाचून अब्जावधी बाइट पलीकडे एक वजा करायला जाई आणि कर्नल कोसळे.

जिथे कोसळते तिथेच तपासणी घातली असती, तर क्रॅश थांबला असता. आधीची बेकायदा वाढ मात्र मुकाट चालू राहिली असती, आणि खरा धोका तीच होती. प्रत्यक्षात चलाचा प्रकार ६४ बिटांचा, उणे किंमत न घेणारा केला गेला. तपासणीची ओळ जुनीच, पण आता ती सगळे बिट पाहते.

‘बग तो बगच, सुरक्षेचा शिक्का वेगळा कशाला,’ ही लिनक्स वर्तुळातली जुनी भूमिका. क्रॅशपुरते पाहिले तर ती पटतेही. पण मे २०१३मध्ये जाहीर झालेल्या प्रोग्रॅमने याच वाढीने इंटरप्ट तक्त्यातला पत्ता फिरवून सामान्य वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवून दिले (सीव्हीई-२०१३-२०९४). शिक्का मारल्याने हल्लेखोर सावध होतात, हा दुसरा आक्षेप. तो लंगडा आहे. पॅच सर्वांसमोर असतो आणि हल्लेखोर तो वाचतोच. अंधारात राहतो तो अपडेट आज करावे की महिनाअखेरीस, हे ठरवणारा ॲडमिन. त्याला आवृत्तीचा क्रमांकही पुरत नाही: मूळ कर्नलमध्ये २.६.३७ ते ३.८.८ या आवृत्त्या बाधित होत्या, तरी रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६चे २.६.३२ कर्नलही सापडले, कारण पर्फचा नवा कोड त्यात मागाहून आणला होता.