पुण्याचे सूत्र आणि खुली आज्ञावली
🧵 थ्रेड

१/ १९९० साली ‘फेब्स लेटर्स’ या शोधपत्रिकेत तीन पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते पुणे विद्यापीठातील अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर. जनुक अभियांत्रिकी करणाऱ्यांपुढचा एक जुना प्रश्न त्यांनी हाती घेतला होता.

२/ रोगजंतूच्या संपूर्ण प्रथिनाला नव्हे, तर त्याच्या काही मोजक्या तुकड्यांना आपली प्रतिकारशक्ती ओळखते. तो तुकडा सापडला, तर तेवढ्याचेच जनुक वापरून लस किंवा चाचणी घडवता येते. परंतु प्रत्येक तुकडा प्रयोगशाळेत तपासणे वेळखाऊ आणि खर्चिक असते.

३/ दोघांनी प्रयोगांतून आधीच ज्ञात असलेले तुकडे अभ्यासले आणि प्रत्येक अमिनो आम्लाला एक गुणांक दिला. पृष्ठभागावर आलेली सिस्टीन, ल्युसीन व व्हॅलीन अशा तुकड्यांत अधिक आढळतात, असे त्यांना दिसले. सात-सात आम्लांची सरासरी काढत पुढे सरकायचे आणि सरासरी जिथे सलग उंचावते तो भाग निवडायचा, अशी ही पद्धत. अचूकता सुमारे ७५ टक्के असल्याचे त्यांनी नोंदवले.

४/ त्याच काळात जनुकक्रम वाचण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जन्मलेला ‘जीसीजी’ हा आज्ञावली-संच जगभर वापरात होता. पुढे तो व्यावसायिक झाला. त्याच्या आधारे लिहिलेल्या आज्ञावलींचा मूळ मजकूर इतरांना वाटणे संशोधकांना अशक्य झाले.

५/ यावर उत्तर म्हणून ब्रिटनमध्ये ‘एम्बॉस’ हा मुक्तस्रोत संच उभा राहिला. २००० साली त्याची ओळख करून देणारा निबंध आला. त्यातील ‘अँटिजेनिक’ ही आज्ञावली म्हणजे कोळस्कर-टोणगावकर पद्धतच!

६/ खुलेपणाचा अर्थ केवळ फुकट मिळणे नव्हे. तपासता येणे हाही आहे. २००५ साली ब्लाइद व फ्लॉवर यांनी अशा शेकडो गुणांक-मालिका पडताळल्या. उत्तमातील उत्तम मालिकाही निव्वळ अंदाजापेक्षा किंचितच सरस ठरल्या. त्यानंतर संगणकाला उदाहरणांवरून शिकवणाऱ्या पद्धतींना बळ मिळाले.

७/ म्हणून पुण्याचे ते सूत्र निरुपयोगी ठरले का? नाही. ते आजही प्राथमिक चाळणी म्हणून वापरले जाते. अंतिम निर्णय मात्र प्रयोगशाळेचाच. पेण वा रोह्यात बसलेला विद्यार्थीही ही आज्ञावली विनामूल्य उतरवून घेऊ शकतो, ओळीन् ओळ वाचू शकतो आणि तिची चूकही दाखवू शकतो. बंद पेटीतल्या सूत्राच्या नशिबी हे भाग्य नसते.