‘खलिया’ ते ‘सेल’

उर्दूतून विज्ञान शिकवता येत नाही, असे सांगणाऱ्यांना आम्ही हैदराबादची आठवण देतो. तिथे १९१७ साली दारुल तर्जुमा ही भाषांतरसंस्था निघाली, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे वैद्यकाचे शिक्षणही उर्दूतून होऊ लागले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. अर्थात तेलुगू, मराठी, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या वाट्याला हा मातृभाषेचा लाभ आला नाही, हेही सांगितले पाहिजे.

१९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले. परिभाषा मात्र शाळांतून राहिली. आम्ही आजही वर्गात पेशीला ‘खलिया’ म्हणतो, प्रकाशसंश्लेषणाला ‘जियाई तालीफ’. दहावीपर्यंत हे चालते. अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलीसमोर तीच गोष्ट इंग्रजीतून येते, आणि जे तिला येत असते तेच तिला अनोळखी वाटू लागते. क्लासवाले याला मुलांचा कच्चेपणा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर एकच ‘नीट’ परीक्षा २०१३ साली प्रथम झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. २०१६ साली पुन्हा आणली. महाराष्ट्रातील सरकारी जागाही २०१७ पासून तिच्यातूनच भरल्या जाऊ लागल्या. त्या वर्षी दहा भाषांत प्रश्नपत्रिका निघाली. त्यांत मराठी होती, गुजराती होती, उर्दू नव्हती. स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशन या विद्यार्थी संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ पासून उर्दू आली.

हक्क मिळाला, पण तयारीचे काय? १८० प्रश्न, ७२० गुण, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे. भाषांतरात शंका निघाली तर इंग्रजी पाठच प्रमाण, असा नियमच आहे. शिवाय अकरावी-बारावीची दोन वर्षे इंग्रजी पुस्तकांतून शिकलेली मुलगी परीक्षेच्या दिवशी एकदम उर्दूकडे कशी वळणार? म्हणून आम्ही आठवीपासूनच फळ्यावर दोन्ही शब्द लिहितो, उजवीकडून ‘खलिया’, डावीकडून ‘सेल’, आणि वहीच्या शेवटच्या पानांवर मुलांकडून त्यांची यादी करून घेतो. दहावीला येईपर्यंत ती पाने पुरत नाहीत. मग मुले वेगळी वही घालतात.