विद्युत्-अ‍ॅक्युपंक्चर व हृदयविकार : प्राण्यांवरील संशोधन

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांमधून सौम्य विद्युत् प्रवाह सोडून हृदयावरील ताण कमी होतो का, हे पाहणारी शरीरक्रियाविज्ञानातील संशोधनशाखा. या विषयातील महत्त्वाचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत जॉन लाँगहर्स्ट, पेंग ली आणि स्टेफनी त्जेन-अ-लूई यांनी केले.

१९९८ मध्ये ‘सर्क्युलेशन’ नियतकालिकात आलेला ली व लाँगहर्स्ट यांचा मांजरांवरील प्रयोग मुळातून समजून घेण्याजोगा आहे. भूल दिलेल्या मांजराच्या हृदयाला रक्त पुरवणारी एक लहान रोहिणी अंशतः आवळली. एवढ्या रक्तावर शांत हृदयाचे भागत होते. मग पित्ताशयावर ब्रॅडिकिनीन हे वेदनाकारक द्रव्य लावले. त्याने प्रतिक्षेपी क्रियेने रक्तदाब चढला, हृदयाची प्राणवायूची गरज वाढली आणि अपुऱ्या रक्तावरचा स्नायू नीट आकुंचन पावेनासा झाला. पुढच्या पायातील ‘नैग्वान’ बिंदूजवळ विद्युत् उद्दीपन दिल्यावर मात्र दाब पूर्वीइतका चढला नाही आणि स्नायूचे काम सुधारले. म्हणजे लाभ झाला तो हृदयाची मागणी घटल्यामुळे. आवळलेली रोहिणी काही मोकळी झाली नव्हती.

माणसात हा बिंदू मनगटाच्या आतल्या बाजूस, घडीपासून सुमारे तीन बोटे वर, दोन कंडरांमध्ये असतो. त्याच्याखालून मध्य तंत्रिका जाते. तिथून निघालेले संदेश लंबमज्जेतील रक्तदाब-नियंत्रक केंद्रापर्यंत पोचतात व तेथे अफूसदृश अंतर्जात द्रव्यांमार्फत त्या केंद्राची उत्तेजना शमवतात. त्याच केंद्रात नॅलोक्सोन हे अफूरोधक औषध टोचताच परिणाम नाहीसा झाला. ‘ची’ या प्राणशक्तीच्या प्रवाहाची पारंपरिक कल्पना बाजूला ठेवूनही परिणामाची संगती लावता आली, ती या पुराव्यामुळे. सर्वच बिंदू सारखे प्रभावी नसतात, हेही पुढे दिसले : खोल तंत्रिकांवरील बिंदूंचा परिणाम ठळक, त्वचेलगतच्या तंत्रिकांवरील बिंदूंचा क्षीण. मुळातला सामान्य रक्तदाब या उद्दीपनाने फारसा हलत नाही.

भूल दिलेल्या प्राण्याला उपचाराकडून कसलीच अपेक्षा नसते. मानवी चाचण्यांना छळणारा मानसिक प्रभावाचा प्रश्न इथे बराचसा टळतो. पण या मांजरांची रोहिणी मुळात निरोगी, अडथळा बाहेरून आणलेला. माणसाच्या रोहिणीत मेदाचे थर वर्षानुवर्षे साचतात. त्यामुळे या प्रयोगांवरून उपचाराची शिफारस करणे घाईचे ठरते. स्थिर हृद्‌शूळाच्या ४०४ रुग्णांवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत झटके कमी झाल्याचे आढळले. तिथेही अ‍ॅक्युपंक्चर नेहमीच्या औषधोपचाराला जोड म्हणूनच दिले होते.