अनध्यायाचे दिवस : मुलचेऱ्यातली एक उन्हाळी सुट्टी



या व्याख्यानमालेत राजे, लढाया, करार यांवर पुष्कळ बोलून झालं आहे. आज आम्ही एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत. कॉलेजातल्या पोरांची उन्हाळ्याची सुट्टी. आपण म्हणाल, सुट्टीला कसला इतिहास? परीक्षा संपली, ट्रंक उचलली, घरी आलो, आंबे खाल्ले, जून लागला की परत गेलो. पण तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. ज्याच्याबद्दल कोणी विचारत नाही तेच त्याला विचारावंसं वाटतं. सुट्टी कोणी दिली, कोणाला मिळाली आणि कोणाला मिळालीच नाही, एवढे तीन प्रश्न आज घेऊ.

आधी जुनी गोष्ट. आपल्याकडे अध्ययनाच्या सुट्टीला शब्द आहे, 'अनध्याय'. धर्मशास्त्रात अनध्यायाच्या दिवसांच्या लांबच लांब याद्या आहेत. अमुक तिथीला पाठ नाही, गडगडाट झाला तर नाही, धुळीचं वादळ उठलं तर नाही. वेदाध्ययनाचं सत्र उपाकर्माने श्रावणाच्या सुमारास सुरू व्हायचं आणि साडेचार-पाच महिन्यांनी, पौष-माघात, उत्सर्जनाने संपायचं. बौद्ध भिक्षूही पावसाळ्यात एका जागी राहत. तो त्यांचा वर्षावास. म्हणजे पाऊस लागला की बसा आणि शिका, वाटा कोरड्या झाल्या की चालू लागा, ही या देशातली जुनी रीत होती. शिक्षणाचं वर्ष ऋतूला बांधलेलं होतं.

ग्रीकांकडे तर याहून गंमत आहे. 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या 'स्कोले'चा मूळ अर्थच मुळी निवांतपणा. ॲरिस्टॉटलच्या मते माणूस काम करतो ते निवांतपणा मिळावा म्हणून, आणि खरं शिकणं त्या निवांतपणात होतं. हे आम्ही वर्गात तीस वर्षं शिकवलं. पण तो निवांतपणा अथेन्समधल्या ज्या नागरिकांना मिळत होता, त्यांच्या घरची कामं गुलाम करत होते, हेही सांगायला हवं. एकाच्या फुरसतीखाली दुसऱ्याचे कष्ट असतात. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. चांदा जिल्हा इंग्रजी अमलात मध्यप्रांतात होता. उन्हाळा तापला की प्रांताचं सरकार नागपूरहून पचमढीच्या डोंगरावर जाई. मोठे साहेब थंड हवेला, कचेऱ्या मंद, शाळा-कॉलेजं बंद. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं आणि पुढे चांद्याची मुलं त्याच्याच पदव्या घेऊ लागली. हा भाग १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. राज्यं बदलली, पण उन्हाळी सुट्टी जागची हलली नाही. आणि ते रास्तच होतं. चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की कौलाखाली बसून तर्कशास्त्र कोण शिकणार?

पण इथेच एक पेच आहे. ज्या दोन महिन्यांत कॉलेज बंद असतं, त्याच दोन महिन्यांत जंगलातलं गाव सर्वांत जास्त राबतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. मग चार, टेंभरं. आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. कॅलेंडरावर सुट्टी आणि घरात हंगाम.

आम्ही मुलचेऱ्याचे. आज ते गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण आहे. गडचिरोली जिल्हाच मुळी २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. आमच्या वेळी सगळा चांदाच. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आम्ही चंद्रपूरला कॉलेजात शिकत होतो. एस.टी. जिथवर नेई तिथवर जायचं, पुढे मिळाली तर कोणाची बंडी, नाहीतर पायी. आम्ही सांगतोय तो उन्हाळा १९७१ चा.

त्या उन्हाळ्यात आमच्या पिशवीत कॉलेजच्या ग्रंथालयातून सुट्टीपुरती मिळालेली चार पुस्तकं होती. त्यांत दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' होतं, १९५६ सालचं. बारा महिन्यांच्या निसर्गावरचे लेख. बाकीची तीन तत्त्वज्ञानाची, आणि खरं सांगायचं तर त्यांतलं एक आम्ही उघडलंही नाही.

आम्ही तिघं मित्र होतो. एक आमच्या शाळेतलाच, गोंड घरातला. गणितात आमच्यापेक्षा कितीतरी पुढे. मॅट्रिक झालेला, आणि जूनमध्ये आमच्याबरोबर चंद्रपूरला येऊन कॉलेजात नाव घालायचं असं ठरलेलं. दुसरा बंगाली. साठ-सत्तरच्या दशकांत पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबं सरकारने आमच्या भागात वसवली. जंगल तोडून जमिनी काढल्या, त्या त्यांना दिल्या. पाण्याच्या देशातली माणसं सागाच्या देशात आली. त्यांनी धानाची शेती केली, तळी खोदली, तळ्यांत मासे सोडले, दुर्गापूजा सुरू केली. आज मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत फिरलात तर बंगाली बोलणारी गावंच्या गावं दिसतील. त्या वेळी ती नवीन होती आणि गावकरी त्यांच्याकडे जरा लांबूनच बघत.

दिवसभर आमची भेट होत नसे. गोंड मित्र पहाटे, अंधार असतानाच, घरच्यांबरोबर पानं तोडायला जंगलात जाई. उन्हं चढली की डोक्यावर बोजा घेऊन परत. मग सगळं घर सावलीत बसून पुडे बांधी. सत्तर पानांचा एक पुडा. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. संध्याकाळी ते पुडे फळीवर न्यायचे, तिथे मुन्शी मोजून घेणार. १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला होता, पण तोडणाऱ्याच्या दृष्टीने फळीवरचा मुन्शी तोच आणि त्याची नजरही तीच. हा हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. त्यातून मित्राच्या कॉलेजच्या फीचे पैसे निघायचे होते.

आम्ही एकदा हौसेने त्याच्याबरोबर गेलो. दुपारपर्यंत आमचे वीस पुडेसुद्धा झाले नाहीत. त्याची लहान बहीण हसत होती. त्या दिवशी आम्हाला कळलं की सुट्टीवर फक्त आम्हीच आहोत.

रात्री मात्र तिघं जमायचो. बंगाली मित्राच्या अंगणात, कंदील मध्ये ठेवून. त्या घरात एक ट्रान्झिस्टर होता. मार्चच्या २५ तारखेला ढाक्यात लष्कराने कत्तल सुरू केली होती आणि पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे पुन्हा भारतात येत होते. रात्री कलकत्ता केंद्र खरखरत लागे. घरातली म्हातारी माणसं रेडिओभोवती बसत. बातम्या संपल्या की कोणी काही बोलत नसे. आम्ही इतिहास पुस्तकात वाचत होतो. त्या घराला तो रेडिओवरून ऐकू येत होता, आणि त्यातली गावांची नावं त्यांच्या ओळखीची होती.

त्या घरात कव्हर फाटलेलं एक पुस्तक होतं. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'आरण्यक' ही कादंबरी, १९३९ सालची. सीमा ओलांडताना भांडीकुंडी मागे राहिली, पण हे पुस्तक मित्राच्या आजोबांनी आणलं होतं. मित्र बंगालीत वाचे आणि आमच्यासाठी मोडक्या हिंदी-मराठीत सांगे. कलकत्त्याचा एक शिकलेला तरुण बिहारमधल्या जंगलात जमीनदारीचा कारभारी म्हणून जातो. जंगलाच्या प्रेमात पडतो. पण त्याची नोकरी काय, तर तेच जंगल तुकड्यातुकड्याने कुळांना लावून देणं. शेवटी जंगल उरत नाही आणि अपराधाची भावना घेऊन तो परततो. त्यात एक म्हातारा आदिवासी राजा आहे, राज्य गेलेला. त्याच्या घरातल्या मुलीला भारतवर्ष हे नाव ऐकून माहीत आहे, पण तो देश कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक नाही.

मंडळी, आपण प्रसंग नीट पाहा. जंगल तोडून काढलेल्या जमिनीवरचं अंगण. वाचणारा देश सोडून आलेला. ऐकणाऱ्यांतला एक त्या जंगलाचा जुना रहिवासी. आणि गोष्ट जंगल वाटून टाकण्याची. आमचा गोंड मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ह्या लिवणाऱ्याले समजलं होतं. मंग थांबला काहून नाही?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. बंगाली मित्राकडेही नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "आम्हाला तरी कुठे जायला जागा होती?" दोघंही खरं बोलत होते. पुढे आम्ही नीतिशास्त्रावर पुष्कळ वाचलं, परिषदांना गेलो, प्रबंध लिहिला. पण दोन न्याय्य बाजू समोरासमोर येतात म्हणजे काय होतं, हे आम्ही त्या रात्री शिकलो. ते कॉलेजात शिकता आलं नसतं. त्यासाठी पुस्तक घरी आणावं लागलं.

'ऋतुचक्र' आम्ही वाचून दाखवलं, तेव्हा मित्राने महिन्यागणिक आपली भर घातली. कोणत्या झाडाला आधी पालवी येते, मोह गळायला लागला की अस्वल कुठे येतं, कोणत्या पानाला कीड लागली तर पुडा परत येतो. ते आम्ही वहीत उतरवून घेतलं. वही अजून आहे. त्यावर त्याचं नाव मात्र आम्ही लिहिलं नाही. सुचलंच नाही.

मे संपला. मित्राच्या घरी आजारपण निघालं, तेंदूचे पैसे त्यात गेले. जूनमध्ये आम्ही एकटेच निघालो. पुस्तकांचं गाठोडं खांद्यावर घेऊन तो आम्हाला एस.टी.पर्यंत पोचवायला आला. गाठोडं टपावर चढवलं आणि परत फिरला. तो कॉलेजात कधीच आला नाही. मघाशी अथेन्सबद्दल जे बोललो, ते आठवत असेल. आमच्या वडिलांचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता म्हणून आमची सुट्टी ही सुट्टी होती. एवढाच फरक.

पुढचा इतिहास आता थोडक्यात. १९८० नंतर या भागात नक्षलवादी आले, पोलीस आले. रात्री कंदील लावून चार पोरं बसली की दोन्हीकडून संशय. कित्येक वर्षं अशी अंगणं ओस पडली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. पण कायदा झाला म्हणून जंगलातल्या गावात पुस्तक आपोआप पोचत नाही.

चांगल्या गोष्टीही घडल्या. मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी मे महिन्यात श्रमसंस्कार छावण्या सुरू केल्या. शहरातल्या पोरांनी सुट्टीत येऊन हातात कुदळ घ्यायची. सुट्टी आणि श्रम यांची गाठ तिथे घातली गेली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने अभ्यासगट चालवले. गावकरी एकत्र बसून कायदा वाचत, चर्चा करत आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवत. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आलं. जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. आमच्या मित्राच्या नातवंडांना कॉलेजसाठी आमच्याइतकं लांब जावं लागत नाही.

मग अडचण काय उरली? आता गावी गेलो की पहाटे पोरं मैदानावर धावताना दिसतात, पोलीस भरतीसाठी. मे महिन्यात पानं तोडायलाही जातात. रात्री प्रत्येकाच्या हातात मोबाईल. वाचतातही, पण ज्याचा पेपर आहे तेवढंच, आणि एकटे. त्यांना नावं ठेवायला आम्ही इथे आलो नाही. नोकरीची गरज आमच्या मित्रालाही होती. आमचं मागणं लहान आहे. हंगामाच्या त्या पंधरा-वीस दिवसांत, फळीवरून परत आल्यावर, आठवड्यातून दोन रात्री कोणाच्या तरी अंगणात एक पुस्तक मोठ्याने वाचलं जावं. गोंडीत, बंगालीत, मराठीत, जमेल तसं सांगत. ज्याला अक्षर येत नाही त्यानेही प्रश्न विचारावा. आणि जो वहीत उतरवून घेईल, त्याने सांगणाऱ्याचं नाव आधी लिहावं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही ती वही मित्राच्या घरी नेऊन दिली. तो आता नाही. त्याच्या नातीने पानं चाळली आणि दोन ठिकाणी झाडांची नावं चुकली आहेत असं सांगितलं. आम्ही तिच्याच हाताने दुरुस्त करून घेतली.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.