नाव कोणी ठेवायचे?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. कोणत्या दिवशी कोण वाचणार याची यादी भिंतीवर लावलेली असते. वस्तीतल्या एका तरुणाने त्या यादीत आपले नाव लिहिले. त्याला मुलगी म्हणून वाढवले गेले, शाळेच्या दाखल्यावर मुलीचेच नाव आहे. पण दोन वर्षांपासून तो मुलगा म्हणून जगतो आहे आणि त्याने स्वतःसाठी नाव निवडले आहे. ते नवे नाव कुणीतरी पेनाने खोडले आणि बाजूला जुने लिहिले. तो आला, यादी पाहिली आणि न वाचता निघून गेला. मी विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "ताई, आईबापानं ठेवलेलं नाव असं बदलता येतं व्हय?"

हे बाबा सत्तरी ओलांडलेले आहेत. दीक्षेनंतर त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेत घातले तेव्हा घरातले जुने नाव टाकून दिले आणि बुद्धाच्या चरित्रातले नाव लिहिले, हे त्यांनीच मला अभिमानाने सांगितलेले आहे. म्हणून हा लेख. तो त्यांच्यावर रागावून लिहिलेला नाही. आपण आपलाच इतिहास किती लवकर विसरतो, हे मला त्या संध्याकाळी जाणवले.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बारशाचा कायदा आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे किळस यावी असे. आपल्या आज्या-पणज्यांची नावे आठवा : कचरू, धोंडू, दगडू, भिकी. कुणी म्हणेल, मूल जगावे म्हणून अशी नावे ठेवत. तसेही असेल, पण अशी नावे उतरंडीच्या तळाशीच का साचली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. आपल्या पुरुषांच्या नावामागे 'नाक' लागे, म्हणजे नाव उच्चारताच जात कळे. त्याच 'नाक'ने संपणारी नावे भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत आणि आपण दर १ जानेवारीला त्यांना मानवंदना देतो, ही गोष्ट वेगळी. ती प्रतिष्ठा त्या सैनिकांनी रक्ताने मिळवली, बारशात कुणी दिली नव्हती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जळाली, तेव्हा हा बारशाचा कायदाही जळाला. निदान आपण तसे मानतो.

बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. रजिस्टरातला भिवा पुढे भीमराव झाला. म्हणजे आज ज्या नावाने आपण 'जयभीम' घालतो, ते नाव आणि त्यापुढचे आडनाव, दोन्ही बदलत आलेली आहेत.

पण बाबासाहेब सरसकट नामांतराचे समर्थक नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात त्यांनी हा प्रश्न घेतला आहे. चोखामेळा म्हणवून घ्या की हरिजन, हिंदू समाजात राहून नुसते नाव पालटल्याने कलंक जात नाही, असे ते सांगतात. धर्मांतर हेच त्यांच्या मते खरे नामांतर होते, कारण त्यात नावाबरोबर नातेही बदलते. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला, तो मानला गेला नाही आणि बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. नाव दिसायला गोड होते, देवाची माणसे! आक्षेप असा होता की, आम्हाला काय म्हणायचे हे तुम्ही कोण ठरवणार? आज काही पारलिंगी कार्यकर्त्यांना 'किन्नर' हा शब्द नको असतो, तेव्हा मला ही १९३८ ची बैठक आठवते. वरून बहाल केलेली पवित्र नावे आपल्या ओळखीची आहेत.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी तर 'नावात काय आहे?' हा प्रश्न आपल्यालाच विचारला गेला. २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, यांच्यामध्ये पोचिराम कांबळे आहेत, गौतम वाघमारे आहेत, जळालेल्या वस्त्या आहेत. नावात काहीच नसते तर वस्त्या कशाला जाळल्या असत्या?

आता आईबापाने ठेवलेल्या नावाच्या पावित्र्याकडे येऊ. महाराष्ट्रात लग्न झाल्यावर सुनेचे नाव बदलण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने त्यावर नवे नाव लिहायचे. वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आडनाव जाते आणि कित्येकदा पाळण्यातले नावही जाते. तेव्हा कुणी म्हणत नाही की आईबापाने ठेवलेले नाव आहे, हात लावू नका. म्हणजे समाजाला नाव बदलल्याचे दुःख नसते. ज्याचे नाव त्यानेच ते बदलले, की दुखते.

ब्रिटिशांनीही नावांची वही ठेवली होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला पारधी, कैकाडी आणि इतर भटक्या-विमुक्त बांधवांमुळे ठाऊक आहे. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे फार थोड्यांना माहीत असते. संशयितांची नावे आणि पत्ते नोंदवायचे, बायकी कपडे घालून रस्त्यावर दिसले किंवा नाचले तर अटक करायची, मृत्युपत्र करू द्यायचे नाही, मुलाचे पालक होऊ द्यायचे नाही. एका कायद्याच्या दोन भागांत पारधी आणि हिजडा शेजारी शेजारी बसवलेले आहेत. आपली दुःखे वेगळी असली, तरी रजिस्टर ठेवणारा हात एकच होता.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात सांगितले की, आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचाच आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. मग २०१९ चा कायदा आला. त्यात ट्रान्सजेंडर म्हणून ओळखपत्र जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून घ्यायचे आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला आणायचा, अशी रचना झाली. कलम ७ मध्ये कागदपत्रांवर नाव बदलण्याचा हक्क आहे, पण फक्त पहिले नाव. ज्या बापाने घराबाहेर काढले, त्याचे नाव मधल्या जागी तसेच राहते. हिजडा परंपरेत चेल्याला नवे नाव मिळते आणि कित्येक जणी बापाच्या जागी गुरूचे नाव सांगतात. कायद्याला ते नाते दिसत नाही. राजपत्रातून पूर्ण नाव बदलता येते, पण तो मार्ग वेगळा.

आणि इथे आपल्या मुलांची खरी अडचण सुरू होते. अनुसूचित जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांसाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. बापाचा, आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. साखळीतली प्रत्येक कडी नावाने जुळली पाहिजे. घरातून हाकललेल्या मुलाने ही कागदपत्रे कुठून आणायची? सवर्ण घरातल्या पारलिंगी व्यक्तीलाही घर सुटते, छळ होतो, ते दुःख लहान नाही. पण नाव बदलल्यावर शिष्यवृत्ती आणि राखीव जागा हातातून जाण्याची भीती तिला नसते. तमिळनाडूच्या ग्रेस बानू पारलिंगी व्यक्तींसाठी समांतर आरक्षण मागतात, ते यासाठीच. दलित पारलिंगी व्यक्तीला जात किंवा लिंग यांपैकी एकच निवडायला लावू नका, असे त्यांचे म्हणणे आहे. नावातल्या बदलाचे राजकारण आपल्याला नवे नाही. बौद्ध झालो म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० साल उजाडले.

विहारातल्या बाबांना मी विनयपिटकातला एक प्रसंग वाचून दाखवला. एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीचे लक्षण प्रकट झाले. भगवंतांना विचारले गेले. त्यांनी सांगितले, तीच उपसंपदा, तेच उपाध्याय, तितकीच वर्षे धरा आणि तिला भिक्खुणींमध्ये राहू द्या. ज्येष्ठता शून्यापासून मोजायची नाही. त्याच विनयात पंडकांना प्रव्रज्या नाकारणारा नियमही आहे, तोही मी त्यांच्यापासून लपवला नाही. बाबा बराच वेळ पुस्तक धरून बसले होते. मग म्हणाले, "वर्षं धरली म्हणता, तर ह्याचा दाखला का नाही धरत सरकार?"

यादी मी पुन्हा लिहिली. पोराचा शाळा सोडल्याचा दाखला, बापाचा दाखला, आजोबांची गावच्या शाळेतली नोंद, तिन्ही शोधायचे काम बाबांनी अंगावर घेतले आहे, कारण त्या गावाकडे त्यांची सोयरीक आहे. आजोबांच्या नोंदीत नाव 'कचरू' आहे, असे कळले. बापाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव म्हणून दुसरेच काही लिहिलेले आहे. आता ते दोघे एकच माणूस होते, याचे प्रतिज्ञापत्र करायचे आहे.