बोइंग : कर्मचाऱ्यांच्या नजरेतून

विमाननिर्मितीच्या क्षेत्रात १९१६ मध्ये स्थापन झालेल्या बोइंग कंपनीचा दबदबा मोठा. मात्र, ७३७ मॅक्स जातीच्या दोन विमानांना २०१८ आणि २०१९ मध्ये झालेल्या अपघातांत ३४६ जणांचा बळी गेला आणि कंपनीच्या कारभाराविषयी प्रश्न विचारले जाऊ लागले. त्यांची उत्तरे देणाऱ्यांत खुद्द कंपनीचे कर्मचारीही होते.

अनेक जुन्या कर्मचाऱ्यांच्या मते घसरणीची सुरुवात १९९७ मध्ये मॅक्डोनेल डग्लस कंपनीच्या विलीनीकरणापासून झाली. अभियंत्यांच्या शब्दाला असलेले वजन कमी होऊन हिशेबनिसांचे वाढले, अशी त्यांची तक्रार आहे. २००१ मध्ये मुख्यालय सिएटलहून शिकागोला हलविण्यात आले, तर २०२२ मध्ये ते व्हर्जिनियातील आर्लिंग्टनला नेण्याचा निर्णय झाला. विमाने सिएटल परिसरात तयार होत राहिली, निर्णय घेणारे मात्र हजारो किलोमीटर दूर गेले.

या दुराव्याची किंमत ५ जानेवारी २०२४ रोजी दिसली. अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजाच्या जागी बसविलेला भाग उड्डाणानंतर काही मिनिटांतच निखळून पडला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. रेंटनच्या कारखान्यात दुरुस्तीसाठी हा भाग काढण्यात आला होता. परत बसविताना चार बोल्ट लावलेच गेले नाहीत आणि तो काढल्याची नोंदही सापडली नाही. कामाचा वेग वाढविण्याचा दबाव, क्रम सोडून करावी लागणारी कामे आणि अपुरे प्रशिक्षण, असे चित्र कामगारांनी चौकशी अधिकाऱ्यांपुढे मांडले.

अमेरिकी हवाई वाहतूक प्रशासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा फेब्रुवारी २०२४ मधील अहवालही बोलका आहे. अडीचशेहून अधिक मुलाखतींनंतर समितीने सुरक्षेच्या बाबतीत वरिष्ठ व्यवस्थापन आणि इतर कर्मचारी यांच्यात तुटलेपण असल्याचे नमूद केले. तक्रार केल्यास आपल्यावर सूड उगवला जाईल, ही भीतीही समितीला आढळली. तक्रार नोंदविण्याची व्यवस्था कागदावर होती, विश्वास नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये केली ऑर्टबर्ग यांनी सूत्रे हाती घेतली आणि सिएटलमध्ये राहण्याचे ठरविले. कामगारांनी त्याची दखल घेतली असेल, पण राग शमला नाही. १३ सप्टेंबरला सुमारे ३३ हजार कामगार संपावर गेले. चार वर्षांत २५ टक्के वेतनवाढीचा पहिला प्रस्ताव ९४.६ टक्के मतांनी फेटाळला गेला होता. ३८ टक्के वाढीवर नोव्हेंबरच्या सुरुवातीला तडजोड झाली, तीही केवळ ५९ टक्के मतांनी. २०१४ च्या करारात गमावलेली जुनी निवृत्तिवेतन योजना मात्र परत मिळाली नाही. अनेक ज्येष्ठ कामगारांच्या मनातील खरा सल हाच होता.

कंपनीच्या २०२५ मधील अंतर्गत पाहणीत ६७ टक्के कर्मचाऱ्यांनी बोइंगमध्ये काम करण्याचा अभिमान वाटतो, असे सांगितले. २०१३ मध्ये हे प्रमाण ९१ टक्के होते. वरिष्ठ नेतृत्वावर विश्वास दाखविणारे ४२ टक्केच निघाले, तर नोकरीसाठी या कंपनीची जोरदार शिफारस करू, असे म्हणणारे अवघे २७ टक्के.