बोलोन्या, बॉन आणि पैनगंगा

युरोपातील विद्यापीठांच्या आपसातील सहकार्याचा इतिहास आमच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात नाही. तरीही त्या इतिहासात जन्मलेले शब्द आमच्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतात. क्रेडिट, क्रेडिट ट्रान्स्फर, मल्टिपल एक्झिट, मोबिलिटी. हे शब्द परिपत्रकांतून आले, परिपत्रके दिल्ली-मुंबईहून आली आणि दिल्ली-मुंबईला हे शब्द बऱ्याच अंशी युरोपाकडे पाहून सुचले. (क्रेडिट हा शब्द तसा मूळचा अमेरिकेचा, पण एका देशातले शिक्षण दुसऱ्या देशात मोजण्याचे माप म्हणून त्याला घडविले ते युरोपाने.) मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवितो. घरातला पहिला पदवीधर मीच. त्यामुळे पदवी म्हणजे काय, ती कोण देतो आणि कोण नाकारतो, हा प्रश्न माझ्यासाठी केवळ शैक्षणिक चर्चेचा विषय कधीच नव्हता.

बोलोन्या हे इटलीतले गाव. तेथील विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ साली मानतात. कायदा शिकण्यासाठी परमुलखातून आलेल्या विद्यार्थ्यांनी तेथे आपले संघ बांधले. ‘युनिव्हर्सिटास’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ संघ, समुदाय असाच आहे. परमुलखातला विद्यार्थी म्हणजे निराधार माणूस. त्याच्या गावच्या कोणी कर्ज बुडविले, तर सावकार ते या विद्यार्थ्याच्या मानेवर बसून वसूल करीत असे. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने विद्येसाठी प्रवास करणाऱ्यांना संरक्षण देणारी आज्ञा काढली आणि हा प्रकार बंद केला. युरोपीय विद्यापीठाच्या इतिहासाच्या आरंभालाच फिरस्त्या विद्यार्थ्याच्या हक्काचे असे एक कागदपत्र सापडते, याची नोंद घेतली पाहिजे. आपल्याकडे नालंदेच्या विहारात दूरदेशीचे भिक्षू येऊन शिकत होते. ह्युएन त्संग त्यांतलाच एक. पण तो धागा मध्येच तुटला. आणि जातीच्या व्यवस्थेत विद्येसाठी प्रवास तर सोडाच, विद्येच्या शब्दाजवळून जाणेही आमच्या पूर्वजांना मना होते.

आधुनिक काळात युरोपातही ही दारे सहज उघडी नव्हती. प्रत्येक राष्ट्राची पदवी वेगळी. इंग्लंडात तीन वर्षांत पदवी, तर जर्मनीत पहिलीच पदवी मिळायला पाच-सहा वर्षे. एका देशात शिकलेला मनुष्य दुसऱ्या देशात गेला की त्याची किंमत पुन्हा नव्याने ठरे. १९८७ साली इरॅस्मस नावाची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात काही काळ शिकून आले. परत आल्यावर त्यांचे तिकडचे शिक्षण इकडे मोजायचे कसे, ही अडचण लगेच उभी राहिली. त्यातून १९८९ मध्ये क्रेडिटची पद्धत प्रयोगादाखल आली. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे साठ क्रेडिट. मे १९९८ मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली व ब्रिटन यांच्या शिक्षणमंत्र्यांनी पॅरिसला सोर्बोनमध्ये एक जाहीरनामा काढला. पुढच्या वर्षी, १९ जून १९९९ रोजी, बोलोन्यात २९ देशांनी सह्या केल्या. पदवीच्या पायऱ्या सर्वांच्या समजतील अशा असाव्यात, क्रेडिटची पद्धत सगळीकडे असावी, विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला फिरता यावे, एवढाच त्याचा गाभा. कायद्याने बांधणारा हा करार नव्हता.

कायद्याची बाजू आणखी दोन वर्षे मागे, १९९७ च्या लिस्बन करारात आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे कलम तेथेच आहे. दुसरीकडे मिळविलेली पात्रता मान्य करावी, ठळक व महत्त्वाचा फरक असेल तरच ती नाकारावी, असे हा करार सांगतो. तो फरक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेवर आहे. विद्यार्थ्याने स्वतःला सिद्ध करीत दारोदार हिंडायचे नाही. जो दार लावतो त्याने कारण द्यायचे.

आता आपण पैनगंगेच्या काठावर येऊ. उमरखेड, पुसद हा यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग. येथून अमरावतीचे विद्यापीठ दूर आणि नांदेड जवळ. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे पूर्वीची निजामाची हद्द. निजामी गेली, राज्य एक झाले, पण विद्यापीठांच्या हद्दी जवळजवळ त्याच रेषेवर राहिल्या. लोकांची सोयरीक मात्र कधीच नदी पाहून थांबली नाही. मुलगी अलीकडची, सासर पलीकडचे, हे तर घरोघरचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी बी.ए.ची दोन वर्षे पास होऊन लग्नानंतर नदीपलीकडे गेली. वडील सालदार, आई कापूस वेचायला जाणारी. सासरच्यांची तिच्या शिकण्याला ना नव्हती, हे विशेष. तिने तिकडच्या एका महाविद्यालयात तृतीय वर्षासाठी अर्ज केला. प्रथम टी.सी. मागितली, मग मायग्रेशन सर्टिफिकेट, मग एलिजिबिलिटी. मग सांगण्यात आले की तुमचा अभ्यासक्रम आमच्याशी जुळत नाही. कोठे जुळत नाही, हे कोणी सांगितले नाही. मी दोन्ही अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून पाहिले. मराठीची पुस्तके वेगळी होती. इतिहासात एका ठिकाणी आधुनिक महाराष्ट्र दुसऱ्या वर्षाला होता, दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्याला. एवढ्या फरकासाठी तिला प्रथम वर्षापासून या म्हणून सांगण्यात आले. ती आली नाही. हळद काढणीचा हंगाम सुरू झाला आणि ती कामाला लागली. पासष्ट-सत्तर किलोमीटरच्या आत, एकाच राज्यात, एकाच भाषेत, दोन वर्षांचे शिक्षण शून्य झाले.

आमच्या चळवळीने हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता, याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले ते प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच निवेदनात उच्च शिक्षणासंबंधी एक मागणी आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेला खाजगीरीत्या अभ्यास केलेल्यांना बसू देते, याचे जोतीराव स्वागत करतात आणि हीच सवलत बी.ए., एम.ए.सारख्या वरच्या परीक्षांनाही द्यावी असे सुचवितात. महाविद्यालयाची फी आणि शहरातला खर्च ज्याला झेपत नाही, त्याने घरी मिळविलेले ज्ञान विद्यापीठाने मोजावे, असा त्याचा अर्थ. आज युरोपात याला ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ असे भारदस्त नाव आहे.

आणि बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन? आपण त्यांच्या पदव्यांची यादी अभिमानाने म्हणतो. पण त्या पदव्यांमधल्या मोकळ्या जागा वाचीत नाही. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात. १९१६ च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि नोव्हेंबरात ग्रेज इन. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परतताना त्यांनी एक गोष्ट मिळविली होती: चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी. त्या चार वर्षांत बडोद्यातली मानहानी झाली, सिडनहॅम कॉलेजातली नोकरी झाली, काटकसर करून पैसा साठविणे झाले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये, असे सर्व जुळवून ते १९२० मध्ये मुदतीच्या आत लंडनला पोचले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. मधल्या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले होते. आपण कोठे काय शिकलो हे सांगणारे त्यांच्या हाताने जर्मनमध्ये लिहिलेले जीवनवृत्त उपलब्ध आहे. तेथली पदवी पुरी झाली नाही. कोलंबियाची पीएच.डी. मात्र प्रबंध छापून सादर झाल्यावर १९२७ साली हातात पडली, तेथून निघून अकरा वर्षे झाल्यावर.

तीन देश, चार संस्था आणि मध्ये गरिबीने पाडलेली खिंडारे. लंडनने ती चार वर्षे दिली नसती, आधीचे सर्व रद्द समजून नव्याने या म्हटले असते, तर काय झाले असते याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. अस्पृश्याच्या शिक्षणात खंड पडणारच, हे गृहीत धरूनच पुढे बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संस्था उभारल्या असाव्यात असे मला वाटते. १९४६ साली मुंबईला निघालेले सिद्धार्थ महाविद्यालय सकाळी भरे, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकता येई. १९५० ला औरंगाबादेत जे महाविद्यालय निघाले, तेच पुढचे मिलिंद. तेव्हा औरंगाबाद हैदराबाद राज्यात, महाविद्यालय उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले आणि आमचे वऱ्हाड मध्य प्रदेशात. तरी वऱ्हाडातली पोरे वळकटी घेऊन तिकडे गेली. मिलिंदच्या वसतिगृहाने त्यांना हद्द विचारली नाही.

आता नव्या धोरणाकडे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, २०२१ ला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत पदवीला हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. विद्यार्थ्याचे क्रेडिट खात्यात जमा राहणार, सात वर्षांपर्यंत वापरता येणार. कागदावर पाहिले तर नदीपलीकडे गेलेल्या त्या मुलीला हवे होते तेच हे आहे, आणि मी त्याचे स्वागत करतो. आमच्यातले काही मित्र या धोरणाला सरसकट विरोध करतात, ते मला पटत नाही. पण खाते उघडणे वेगळे आणि दुसऱ्या महाविद्यालयाने ते पैसे चलनी मानणे वेगळे. लिस्बनमधले ते कलम, नाकारणाऱ्याने कारण द्यावे हे, येथे कोठे आहे? युरोपाकडून आपण क्रेडिट घेतले, जबाबदारी तिकडेच ठेवली.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याच्या दारांची. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. बोलोन्यात फिरण्याची कल्पना होती. विद्यार्थी एका वर्गातून निघून दुसऱ्या वर्गात जाईल. आमच्याकडे प्रथम वर्षानंतर जो निघतो तो बहुधा ऊसतोडीला, जिनिंगला किंवा पुण्याच्या कंपनीत हेल्पर म्हणून जातो. त्याच्या हाती आता एक कागद असेल. त्या कागदाने त्याची गळती ‘एक्झिट’ या सन्माननीय नावाने नोंदली जाईल आणि अहवालात गळती कमी दिसेल, अशी मला धास्ती आहे.

युरोपाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. बोलोन्याच्या नावाखाली तेथेही अभ्यासक्रम घाईघाईने कोंबले गेले. २००९ च्या ऑक्टोबरात व्हिएन्ना विद्यापीठाचे मोठे सभागृह विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतले आणि तो असंतोष जर्मनीतही पसरला. पण विद्यार्थी संघटनांनी रेटा लावल्यामुळेच २००१ च्या प्राग येथील बैठकीत मंत्र्यांना उच्च शिक्षण ही सार्वजनिक जबाबदारी आहे असे लिहावे लागले. २००७ च्या लंडन येथील निवेदनात तर, विद्यापीठात शिरणारे, टिकणारे आणि बाहेर पडणारे विद्यार्थी हे एकूण समाजाच्या विविधतेचे प्रतिबिंब असावेत, असे उद्दिष्ट मान्य झाले. शिरणारे, टिकणारे आणि पुरे करणारे, या तिन्हींचा एकत्र उल्लेख महत्त्वाचा आहे. आपली सारी चर्चा अजून शिरण्यापाशी अडली आहे.

परदेशी सहकार्याचे म्हणाल तर त्याची दारे आमच्या उंचीची नाहीत. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे परदेशी विद्यापीठाशी संयुक्त पदवी काढायची तर नॅकचे ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत वरचे स्थान हवे. आमच्या भागातल्या किती महाविद्यालयांना ते साधेल? मग उरते शिष्यवृत्ती. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. तिच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे ९ मे १९१६ रोजी कोलंबियात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचणारा विद्यार्थी या नियमाखाली त्या विषयासाठी पात्र ठरला नसता. आमच्या मुलांनी परदेशी जावे, पण स्वतःविषयी बोलू नये!

तरी माणसे वाट काढतात. मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे यांनी २०१७ साली यवतमाळला एकलव्य ही संस्था सुरू केली. ते स्वतः ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती मिळवून २०२१ मध्ये लंडनच्या सोआसमध्ये शिकायला गेले, आणि संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना देशातल्या व परदेशातल्या विद्यापीठांचे अर्ज कसे भरायचे हे शिकविते. अर्ज भरणे ही शिकवावी लागणारी विद्या आहे, हे ज्यांच्या घरात आधीच पदव्या आहेत त्यांना सांगून समजणार नाही.

आमच्या विभागात आम्ही दोन वर्षांपासून एक साधी वही ठेवली आहे. वर्ष पुरे न करता गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची तीत नोंद होते: किती पेपर पास, किती क्रेडिट जमा, कोठे गेला, परत शिकायचे आहे काय. कोणी दुसरीकडे अर्ज केला तर त्या महाविद्यालयाला आम्ही अभ्यासक्रमासह पत्र पाठवितो आणि नाकारायचे असल्यास फरक कोणता तो लेखी कळवा, अशी विनंती करतो. आतापर्यंत अशी चार पत्रे गेली. दोघांना द्वितीय वर्षाला प्रवेश मिळाला. एका ठिकाणाहून उत्तर आले नाही. चौथे पत्र गेल्या आठवड्यात पैनगंगेपलीकडे गेले आहे.